जुनी मॉड फाइल आणि दुप्पट वेगाने उतरणारी पातळी: फोरट्रानमधील मॉड्यूल-अवलंबनाचे एक प्रकरण

भूजलप्रवाहाचे गणित सोडवणारा, फोरट्रानमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम एका लहान गटाच्या वापरात बरीच वर्षे होता. त्यात चाळीसच्या आसपास फाइली होत्या, जवळपास प्रत्येक फाइलीत एक मॉड्यूल (एकत्र ठेवलेल्या घोषणा आणि कार्यपद्धतींचा संच) होते, आणि बिल्डसाठी, म्हणजे या फाइलींपासून चालणारा प्रोग्राम बांधण्यासाठी, कोणीतरी कधीकाळी हाताने लिहिलेली मेकफाइल होती (कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते सांगणारी; ती वाचून ‘मेक’ हे साधन आपल्या आधारफाइलींपेक्षा जुनी झालेली फाइल पुन्हा तयार करते), जिच्यात नंतर आलेल्या प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरत्या ओळी वाढवल्या होत्या. अनेक कोअरचा नवा संगणक आल्यावर बिल्ड लवकर उरकावा म्हणून मेकला समांतर कामाचा ‘-जे’ पर्याय देण्यात आला. त्यानंतर दोन तक्रारी पुढे आल्या. पहिली अशी, की अगदी कोऱ्या अवस्थेतून सुरू केलेला बिल्ड कधी पुरा होतो तर कधी मध्येच मोडतो, आणि मोडल्यावर पुन्हा मेक चालवले की निमूट पुरा होतो. दुसरी अशी, की विहिरीतून उपसा सुरू केल्यावर पाण्याची पातळी उतरण्याचा वेग एका संगणकावर दुसऱ्याच्या दुप्पट येतो, आणि दोन्हीकडच्या स्रोतफाइली मात्र तंतोतंत सारख्या आहेत. पहिली तक्रार बिल्डची आणि दुसरी गणिताची मानून दोन वेगवेगळ्या माणसांकडे सोपवली गेली. वास्तविक दोहोंचे मूळ मेकफाइलीत नसलेल्या एकाच ओळीत होते.

पुढील विवेचनात वाचनाच्या सोयीसाठी मॉड्यूलांची नावे मराठीत दिली आहेत. ‘अचूकता’ या मॉड्यूलमध्ये संख्यांचे प्रकार ठरवलेले आहेत. ‘पदार्थ’मध्ये जमिनीचे गुणधर्म ठेवणारा एक व्युत्पन्न प्रकार (अनेक घटक एकत्र बांधणारा, स्वतः घोषित केलेला प्रकार) आणि त्या प्रकारचे ‘मृदा’ नावाचे चल आहे. ‘वाचन’ हे मॉड्यूल आदानफाइलीतून मृदेचे गुणधर्म भरते. ‘काल’ वेळेच्या पावलांनी पातळी पुढे नेते. आणि ‘मुख्य’ हा या सर्वांना हाक देणारा प्रोग्राम आहे.

फोरट्रान ९० पासून भाषेत मॉड्यूल आले. मॉड्यूल असलेली फाइल कम्पाइल केली, म्हणजे कम्पायलरकरवी यंत्रसंकेतात बदलली, की दोन गोष्टी तयार होतात: यंत्रसंकेत असलेली ऑब्जेक्ट फाइल, आणि त्या मॉड्यूलमधील प्रकार, स्थिरांक, चले व कार्यपद्धतींची घोषणा नोंदवणारी मॉड फाइल. दुसऱ्या एखाद्या फाइलीत ‘यूज पदार्थ’ असे लिहिलेले असेल, तर ती कम्पाइल करताना कम्पायलर पदार्थची स्रोतफाइल उघडून पाहत नाही. तो पदार्थची मॉड फाइल शोधतो आणि तीत जे लिहिले असेल ते खरे मानतो. सी भाषेची सवय असलेल्यांना इथला फरक चटकन जाणवत नाही. सीमधील हेडर फाइल ही माणसाने लिहिलेली असते आणि कम्पाइल सुरू होण्याआधीपासून जागेवर असते, त्यामुळे पहिला बिल्ड कोणत्याही क्रमाने झाला तरी चालतो, आणि कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे ही यादी कम्पायलर जाता जाता लिहून देतो, जी पुढच्या बिल्डच्या वेळी उपयोगी पडते. फोरट्रानमध्ये ज्या फाइलीवर अवलंबायचे ती फाइलच कम्पाइलमधून जन्माला येते, म्हणून अवलंबनाची यादी पहिल्या कम्पाइलच्या आधी हातात असावी लागते.

या प्रोग्रामच्या मेकफाइलीत ऑब्जेक्ट फाइलींची एक लांबलचक यादी होती आणि तिच्यात ‘अचूकता’ पहिली, ‘पदार्थ’ दुसरी, ‘वाचन’ तिसरी, ‘काल’ बरीच पुढे असा क्रम होता. मेक एका वेळी एकच काम करत असेल तर साधारणतः यादीतील नावे डावीकडून उजवीकडे घेते. त्यामुळे ‘काल’ची पाळी येईपर्यंत पदार्थची मॉड फाइल तयार झालेली असे. ‘वाचन’ पदार्थवर अवलंबून आहे, अशी ओळ मेकफाइलीत होती (‘.ओ’ म्हणजे ऑब्जेक्ट फाइल, ‘.एफ९०’ म्हणजे स्रोतफाइल):

वाचन.ओ : वाचन.एफ९० पदार्थ.ओ अचूकता.ओ

‘काल’च्या ओळीत मात्र पदार्थचा उल्लेख नव्हता:

काल.ओ : काल.एफ९० अचूकता.ओ

यादीचा क्रम ही उणीव झाकत होता. समांतर बिल्ड सुरू होताच मेकने, त्याला दिलेल्या माहितीनुसार अगदी योग्यपणे, अचूकता तयार झाल्याबरोबर ‘पदार्थ’ आणि ‘काल’ ही दोन्ही कामे एकदम सोडली. पदार्थचे कम्पाइल आधी संपले तर सर्व सुरळीत. ‘काल’ने आधी मॉड फाइल मागितली तर ‘पदार्थ.मॉड वाचण्यासाठी उघडता येत नाही, अशी फाइल अस्तित्वात नाही’ अशा आशयाची चूक देऊन जीफोरट्रान हा वापरातला कम्पायलर थांबे. दुसऱ्यांदा मेक चालवताना मॉड फाइल आधीच्या फेरीतून शिल्लक असे, म्हणून बिल्ड पुरा होई. गटात ‘एकदा अडला तर पुन्हा मेक मारा’ असा अलिखित उपाय रूढ झाला, आणि एका सद्भावनेच्या बदलाने तर बिल्डच्या आज्ञेतच मेक सलग दोनदा लिहिले गेले.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच होता. मोडणारा बिल्ड त्रासदायक असला तरी निरुपद्रवी असतो, कारण चुकीचा प्रोग्राम तयारच होत नाही. तीच गहाळ ओळ, जुनी मॉड फाइल आणि जुनी ऑब्जेक्ट फाइल जागेवर असताना, कोणतीही चूक न दाखवता प्रोग्राम तयार होऊ देते.

दुसरी तक्रार नेमकी तशीच उद्भवली होती. पदार्थमधील व्युत्पन्न प्रकारात पूर्वी तीन घटक होते, प्रत्येक आठ बाइटची वास्तव संख्या: एक्स दिशेची जलवाहकता, वाय दिशेची जलवाहकता आणि विशिष्ट साठवण (पातळी एककाने उतरल्यावर एकक घनफळाच्या जमिनीतून सुटणारे पाणी). भाषेच्या मानकानुसार ‘सीक्वेन्स’ लिहिलेले नसेल तर घटकांची मांडणी कशी करायची हे कम्पायलरवर सोपवलेले असते, परंतु व्यवहारात प्रचलित कम्पायलर ते घोषणेच्या क्रमानेच ठेवतात. म्हणजे चलाच्या आरंभापासून मोजले तर पहिली वाहकता ० व्या बाइटवर, दुसरी ८ व्या आणि साठवण १६ व्या बाइटवर. पुढे अनेक थरांच्या प्रवाहासाठी उभ्या दिशेची वाहकता हवी झाली आणि ती, वाहकता एकत्र दिसाव्यात म्हणून, साठवणीच्या आधी घातली गेली. आता १६ व्या बाइटवर उभी वाहकता आली आणि साठवण २४ व्या बाइटवर सरकली.

मेकने पदार्थ कम्पाइल केले, ओळ असल्यामुळे ‘वाचन’ही कम्पाइल केले, आणि ‘काल’ला हात लावला नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे ‘काल’चा या बदलाशी संबंध नव्हता. ‘काल’च्या जुन्या ऑब्जेक्ट फाइलीत ‘मृदा या चलाच्या १६ व्या बाइटपासून आठ बाइट घ्या’ असा यंत्रसंकेत कायम राहिला. लिंकरने, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने, तक्रार करण्याचे कारण नव्हते: जीफोरट्रान मॉड्यूलमधील चलाचे चिन्हनाव मॉड्यूलच्या आणि चलाच्या नावापासून बनवतो, त्यात प्रकाराची किंवा आकाराची खूण नसते, आणि नावे तर बदललेली नव्हती.

चाचणीच्या उदाहरणात आडवी वाहकता ०.०००१ मीटर प्रतिसेकंद, उभी वाहकता तिच्या एक दशांश म्हणजे ०.००००१ आणि विशिष्ट साठवण ०.००००२ प्रतिमीटर होती. ‘काल’ने साठवण म्हणून उभी वाहकता वाचली, म्हणजे खऱ्या किमतीच्या निम्मी संख्या. एकके वेगळी, अर्थ वेगळा, पण आकड्यांचे परिमाण सारखेच. पातळीच्या समीकरणात काळाच्या पदाला विशिष्ट साठवणीने गुणलेले असते. साठवण निम्मी झाली की तीच स्थिती निम्म्या वेळात येते. आलेख गुळगुळीत होते, पाण्याचा ताळेबंद जुळत होता (तोही त्याच चुकीच्या संख्येने मांडलेला असल्यामुळे), आणि स्थिर अवस्थेच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, कारण स्थिर अवस्थेत काळाचे पद शून्य असते आणि साठवण कोठेच लागत नाही. त्या जागी अगदी वेगळ्या आवाक्याची संख्या आली असती, तर अवास्तव किमती उमटल्या असत्या आणि दोष लवकर पकडला गेला असता.

तपास पहिल्यांदा भलत्याच दिशेने गेला, आणि त्याचे कारण सांगण्याजोगे आहे. दोन संगणकांवर वेगळी उत्तरे म्हटल्यावर संशय कम्पायलरच्या ऑप्टिमायझेशनवर (प्रोग्राम वेगवान करण्यासाठी तो यंत्रसंकेतात करतो त्या फेरफारांवर) गेला. मेकफाइलीतील पर्याय बदलून ऑप्टिमायझेशन बंद केले गेले, आणि उत्तर खरोखरच सुधारले. परंतु पर्याय बदलल्यावर, ते सगळीकडे लागू व्हावेत म्हणून, अर्थातच सर्व ऑब्जेक्ट फाइली पुसून नव्याने कम्पाइल केल्या गेल्या होत्या. उत्तर सुधारले ते या पुसण्यामुळे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या गेल्या आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला मिळाले. काही काळ तो प्रोग्राम विनाकारण मंद गतीने चालवला गेला. गाठ सुटली ती पर्याय तेच ठेवून फक्त ऑब्जेक्ट आणि मॉड फाइली पुसल्यावर, आणि त्यानंतर जुन्या संचातील फाइलींच्या वेळा पाहिल्यावर: ‘काल’ची ऑब्जेक्ट फाइल पदार्थच्या मॉड फाइलीपेक्षा जुनी होती. अशा प्रकरणात हीच तपासणी सर्वांत आधी करावी असे मला वाटते. तिला काही मिनिटे पुरतात.

दुरुस्तीचा पहिला भाग उघड होता: अवलंबनाच्या ओळी हाताने लिहिणे बंद करून त्या स्रोतफाइलींवरून काढणे. यासाठी मेकडेपएफ९० किंवा फोर्टडिपेन्ड यांसारखी साधने उपलब्ध आहेत. गटाने मात्र आधी स्वतःची लहानशी स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यातील खाचखळगे एकेक करून समोर आले. ओळीच्या आरंभी ‘मॉड्यूल’ दिसले की पुढचा शब्द हे मॉड्यूलचे नाव, असा नियम लावताच ‘प्रोसीजर’ नावाचे एक मॉड्यूल यादीत अवतरले, कारण इंटरफेसच्या आत ‘मॉड्यूल प्रोसीजर’ अशी ओळ असते. फोरट्रान लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाही आणि जीफोरट्रान मॉड फाइलीचे नाव नेहमी लहान लिपीत लिहितो. स्क्रिप्ट मात्र भेद करत होती. ‘यूज’नंतर स्वल्पविराम, दुहेरी विसर्गचिन्ह किंवा ‘ओन्ली’ची यादी येऊ शकते. भाषेतच अंगभूत असलेल्या मॉड्यूलांसाठी, उदाहरणार्थ सीशी जोडणी करून देणाऱ्या किंवा संख्याप्रकार पुरवणाऱ्या मानक मॉड्यूलांसाठी, कोणतीही स्रोतफाइल नसते, म्हणून ती यादीतून वगळावी लागतात. आणि ज्या फाइली आधी प्रीप्रोसेसरमधून (कम्पाइलपूर्वी अटींनुसार मजकूर गाळणाऱ्या साधनातून) जातात त्यांच्यातील ‘यूज’ची ओळ एखाद्या अटीच्या आत असेल, तर अवलंबन निवडलेल्या पर्यायांनुसार बदलते, तिथे कच्ची फाइल वाचणे पुरत नाही. एवढे झाल्यावर गटाने स्क्रिप्ट बाजूला ठेवून तयार साधन वापरायचे ठरवले, आणि सोबत एका फाइलीत एकच मॉड्यूल आणि फाइलीचे नाव मॉड्यूलच्या नावाप्रमाणेच, असा नियम घालून दिला. हा नियम साधनाला लागत नाही, वाचणाऱ्याला लागतो.

दुसरा प्रश्न जास्त विचार करायला लावणारा होता. ‘काल’ची ऑब्जेक्ट फाइल नेमकी कशावर अवलंबून आहे असे लिहावे, पदार्थच्या मॉड फाइलीवर की ऑब्जेक्ट फाइलीवर? काटेकोरपणे पाहता मॉड फाइलीवर, कारण कम्पायलर तीच वाचतो. पण जीफोरट्रान मॉड फाइलीचा मजकूर बदललेला नसेल तर ती नव्याने लिहीतच नाही, तिची जुनी वेळ तशीच राहते. हेतू चांगला आहे: एखाद्या कार्यपद्धतीच्या आतली ओळ बदलली, घोषणा तीच राहिली, तर अवलंबून असलेल्या फाइली पुन्हा कम्पाइल करण्याची गरज नसते. पण ‘मॉड फाइल स्रोतफाइलीपासून बनते’ असा सरळ नियम मेकला दिला, तर मॉड फाइल स्रोतफाइलीपेक्षा कायम जुनी दिसते आणि मेक दर खेपेस पदार्थ पुन्हा कम्पाइल करत बसते. यावरची प्रचलित युक्ती अशी, की मॉड फाइल ऑब्जेक्ट फाइलीवर अवलंबून आहे असे लिहून त्या नियमाला काहीही न करणारी आज्ञा द्यायची. मेक ती आज्ञा चालवते, मॉड फाइलीची वेळ पुन्हा पाहते, ती बदललेली नसेल तर पुढची साखळी थांबवते. मात्र एखाद्याने फक्त मॉड फाइली पुसल्या आणि ऑब्जेक्ट फाइली ठेवल्या, तर ही निष्क्रिय आज्ञा त्या परत निर्माण करू शकत नाही आणि बिल्ड कोड्यात पडतो.

गटाने ऑब्जेक्ट फाइलीवर अवलंबन लिहिण्याचा साधा मार्ग घेतला, आणि चाळीस फाइलींच्या प्रोग्रामसाठी तो योग्यच होता. पदार्थमध्ये नुसती टिप्पणी बदलली तरी त्याच्यावर अवलंबून असलेले सर्व काही पुन्हा कम्पाइल होते, हा त्याचा खर्च. त्या बदल्यात साखळी शेवटपर्यंत पोहोचते: पदार्थ बदलले की ‘काल’, आणि ‘काल’ बदलले की ‘मुख्य’. ही साखळी आवश्यक आहे, कारण ‘काल’ची मॉड फाइल पदार्थमधून घेतलेल्या प्रकारांची माहिती स्वतःतही वाहून नेऊ शकते. सर्वांत मोठ्या मॉड्यूलच्या बाबतीत हा खर्च जाणवू लागला तेव्हा फोरट्रान २००८ मधील सबमॉड्यूलचा उपयोग करण्यात आला. घोषणा मॉड्यूलमध्ये ठेवून कार्यपद्धतींचे अंग सबमॉड्यूलच्या वेगळ्या फाइलीत नेले, की अंगातील बदल मॉड्यूल वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. जीफोरट्रानमध्ये ही सोय जीसीसी ६ पासून आहे. सबमॉड्यूल मूळ मॉड्यूलवर अवलंबून असते, तेव्हा त्याचीही ओळ मेकफाइलीत लागते, आणि लिंक करताना त्याची ऑब्जेक्ट फाइल विसरून चालत नाही.

बिल्डचे नियम स्वतः तयार करणारा सीमेक वापरणाऱ्यांना यातले बरेचसे काम करावे लागत नाही; तो फोरट्रानच्या स्रोतफाइली स्वतः चाळतो आणि मॉड फाइल खरोखर बदलली का हेही पाहतो. निंजा या मेकसारख्या दुसऱ्या साधनासोबत त्याचा वापर होतो तेव्हा बिल्ड चालू असताना सापडलेली अवलंबने स्वीकारण्याची सोय लागते, जी निंजाच्या मूळ शाखेत २०२० मधील १.१० या आवृत्तीत आली. नवा प्रकल्प असता तर मी सीमेक किंवा फोरट्रानचा स्वतःचा पॅकेज व्यवस्थापक एफपीएम सुचवला असता. इथे चालू मेकफाइल दुरुस्त करणे कमी जोखमीचे होते.

दुरुस्ती चालू असतानाच एका सहकाऱ्याची शाखा कोऱ्या अवस्थेतून कोणत्याच क्रमाने कम्पाइल होईना, आणि त्यांच्या स्वतःच्या संगणकावर मात्र ती नीट चालत होती. काढलेल्या अवलंबनांवरून मेकने चक्र असल्याचा इशारा दिला. ‘जाळी’ हे मॉड्यूल चूक कळवण्यासाठी ‘निर्गम’मधील एक कार्यपद्धती वापरू लागले होते, आणि ‘निर्गम’ जाळी छापण्यासाठी ‘जाळी’ वापरत होते. मॉड्यूलने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे स्वतःलाच वापरणे भाषेला मान्य नाही. तरीही त्यांच्या निर्देशिकेत निर्गमची चक्रापूर्वीची मॉड फाइल पडून होती आणि तिच्या आधारावर ‘जाळी’ कम्पाइल होत होते. स्वतःच्या पूर्वीच्या आवृत्तीवर उभा असलेला, पण शून्यातून कधीच बांधता न येणारा प्रोग्राम. चूक कळवणारी कार्यपद्धती ‘सूचना’ नावाच्या, अन्य कशावरही अवलंबून नसलेल्या मॉड्यूलमध्ये हलवली आणि चक्र सुटले.

अशा अनाथ मॉड फाइली जागेवर राहू नयेत म्हणून मॉड फाइली वेगळ्या निर्देशिकेत लिहिण्याचा पर्याय वापरला गेला. जीफोरट्रानमध्ये तो कॅपिटल ‘जे’ या अक्षराने देतात, इंटेलच्या कम्पायलरमध्ये ‘-मॉड्यूल’ असा. दोषशोधनाचा बिल्ड आणि वेगवान बिल्ड यांच्या निर्देशिका निराळ्या केल्या, कारण एकात वास्तव संख्यांचा मूलभूत आकार बदलणारा पर्याय होता आणि दुसऱ्यात नव्हता. दोघांनी एकच मॉड फाइल वाटून घेणे म्हणजे पहिल्याच दोषाला वेगळ्या दाराने आत घेणे होते. हे बदल करताना स्रोतफाइलींशेजारी राहिलेल्या जुन्या मॉड फाइली हाताने पुसाव्या लागल्या. त्या शोधमार्गात आधी आल्या असत्या तर नव्या निर्देशिकेचा काहीच उपयोग झाला नसता.

अवलंबनांची यादी खरोखर पुरी आहे का हे तपासण्यासाठी जीएनयू मेकच्या २०२२ मधील ४.४ या आवृत्तीत आलेला ‘शफल’ पर्याय वापरला जातो. तो अवलंबनांचा क्रम यादृच्छिक करतो किंवा सांगितल्यास उलटा करतो. कोऱ्या अवस्थेतून, उलट्या क्रमाने, एका वेळी एकच काम अशा बिल्डमध्ये ‘काल’ पदार्थच्या आधी येते आणि गहाळ ओळ दर वेळी, ठरलेल्या जागी चूक दाखवते; समांतर बिल्डसारखी ती नशिबावर राहत नाही. प्रत्येक बदल मुख्य शाखेत घेण्यापूर्वी हा बिल्ड आपोआप चालतो. सलग दोनदा मेक चालवणारी ओळ काढून टाकली गेली, आणि साठवण ज्यात लागते अशी काळानुसार बदलणारी एक चाचणी, जिचे उत्तर कागदावर काढता येते, स्थिर अवस्थेच्या चाचण्यांना जोडली गेली.

एक गोष्ट मेकच्या कक्षेबाहेर राहते. निर्गम फाइली लिहिण्यासाठी प्रोग्राम नेटसीडीएफ हे ग्रंथालय वापरतो आणि त्याचीही मॉड फाइल असते. मॉड फाइलीचे स्वरूप मानकाने ठरवलेले नाही. एका कम्पायलरची मॉड फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही, आणि जीफोरट्रानच्याही फार अंतर असलेल्या आवृत्त्या एकमेकींच्या मॉड फाइली नाकारतात. ग्रंथालयाच्या स्रोतफाइली आपल्या मेकफाइलीत नसल्यामुळे कम्पायलर बदलला तरी मेकला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून बिल्डच्या निर्देशिकेच्या नावातच कम्पायलरचे नाव आणि आवृत्ती घातली आहे, आणि नेटसीडीएफ प्रत्येक कम्पायलरसाठी वेगळे बांधून त्याच निर्देशिकेखाली ठेवले आहे.